तंबाखू थुंकली म्हणजे गेली का?

गोदाकाठची
बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. वय ६६. सर्जननी पहिल्याच भेटीत शर्टाच्या खिशातली पुडी पाहिली आणि म्हणाले, "आधी ही बंद. चार आठवडे. मग तारीख देतो." तेव्हापासून आमच्या पंचवटीतल्या घरात शीतयुद्ध सुरू आहे.

बाबांचं म्हणणं असं: मी विडी ओढत नाही, सिगारेट ओढत नाही, धूर छातीत जात नाही. रस गिळत नाही. अर्धा तास ओठात धरतो, थुंकतो, चूळ भरतो. आत गेलंच नाही तर बंद काय करायचं?

खरं सांगू, मलाही उत्तर देता आलं नाही. दिवसाला आठ बार होतात त्यांचे. दर दोन तासांनी, घड्याळ लावल्यासारखे. उशीर झाला की चिडचिड. म्हणजे कुठेतरी काहीतरी पोचतंय हे कळतं, पण कसं? थुंकल्यावरही? आणि बंद केली तर शरीरातून जायला किती दिवस लागतात? इथे जाणकार आहेत म्हणून विचारतेय. कृपया "इच्छाशक्ती हवी" असे प्रतिसाद नकोत. ते सगळे मावशीने फोनवर देऊन झालेत.

तिरसट
माझे आजोबा ९१ व्या वर्षी गेले. शेवटच्या सकाळपर्यंत बार भरत होते. एवढंच बोलतो.

क्षार_आम्ल
तिरसट, तुमच्या आजोबांना नमस्कार. पण विचारलेला प्रश्न वेगळा आहे.

गोदाकाठची, बाबांना एकच विचारा: तुम्ही तंबाखूला चुना का लावता? म्हणतील, त्याशिवाय लागत नाही. बरोबर आहे. नुसती पानाची चुरी तोंडात धरून बघा म्हणावं, अर्ध्या तासात निम्मीसुद्धा मजा येणार नाही. ती का येत नाही, यात तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर आहे.

मी ३४ वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. दरवर्षी एक प्रयोग करायचो. नवसागर आणि विझवलेला चुना परीक्षानळीत एकत्र करून गरम करायचा. दोन्हींना वेगवेगळा वास नाही, एकत्र आले की अमोनियाचा भपकारा. चुना हा तगडा अल्क, म्हणजे आम्लाच्या उलट, तो नवसागरातल्या अमोनियाला त्याच्या आम्लापासून सोडवतो आणि मोकळा झालेला अमोनिया उडून नाकात जातो. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी व्हायची.

तुमचे बाबा तळहातावर अंगठ्याने तेच करतात, फक्त बर्नर नाही.

निकोटिन हेही एक अल्क आहे, अमोनियाचं लांबचं भावंड म्हणा. तंबाखूचं झाड ते मुळांत बनवतं आणि वर पानांत पाठवतं, किडींनी पान खाऊ नये म्हणून. तंबाखूचा शेंडा खुडला की झाडाला वाटतं कुणीतरी खातंय, आणि पानातलं निकोटिन वाढतं. पानात ते मॅलिक, सायट्रिक अशा आम्लांशी बांधलेलं असतं, म्हणजे क्षाराच्या रूपात. क्षाराच्या रूपातल्या निकोटिनवर विद्युतभार असतो. आपल्या गालाच्या आतलं अस्तर पेशींचं, पेशींची पापुद्रं मेदाची. भार असलेला रेणू मेदातून सहजी जात नाही, भार नसलेला जातो. म्हणजे मोकळं निकोटिन किती, यावर सगळा खेळ.

आता आकडे. सामू म्हणजे पीएच, ७ च्या खाली आम्ल, वर अल्क. निकोटिनचा पीकेए ८ च्या आसपास. त्याचा अर्थ, सामू ८ असेल तिथे निम्मे रेणू मोकळे. सामू ६ वर शंभरात जेमतेम एक. रक्ताच्या ७.४ ला साधारण वीस. ९ ला नव्वद. तंबाखूच्या पानाचा स्वतःचा सामू ५-६ कडे असतो. चुन्याचं संपृक्त पाणी १२ च्या वर. बोटभर चुन्याने ते मिश्रण ९ किंवा त्याहून वर गेलं की शंभरात एक असलेलं निकोटिन शंभरात नव्वद मोकळं होतं. तेवढीच तंबाखू, तीच पुडी.

खालच्या ओठाच्या आत आणि जिभेखाली अस्तर पातळ असतं, रक्तवाहिन्या अगदी वर. तिथून मोकळं निकोटिन रक्तात उतरतं. ते रक्त मानेच्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला, तिथून फुप्फुसांत, परत डाव्या बाजूला, आणि तिथून थेट मेंदूकडे. या वाटेवर यकृत लागत नाही, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

बाबा जे थुंकतात ती पानाची चुरी आणि रस. त्यातलं निकोटिन अर्ध्या तासात बऱ्यापैकी रक्तात गेलेलं असतं. चहा पिऊन झाल्यावर गाळणीतला चोथा फेकला म्हणून कुणी "मी चहा घेतलाच नाही" म्हणतं का?

गोदाकाठची
काका, गाळणीचं वाक्य मी जेवताना वापरलं. बाबा दोन मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "मग गिळली तर?"

क्षार_आम्ल
विद्यार्थी हुशार आहे.

गिळली तर कमी लागते. जठरात सामू १-२, म्हणजे सगळं निकोटिन भारित, तिथून जवळपास काहीच शोषलं जात नाही. पुढे लहान आतड्यात शोषलं जातं, पण आतड्याचं रक्त आधी यकृतात जातं. तिथे पहिल्याच फेरीत बराचसा भाग मोडून जातो. गिळलेल्या निकोटिनपैकी साधारण २० ते ४५ टक्केच मूळ रूपात अंगाला लागतं. उचकी आणि मळमळ मात्र पूर्ण लागते. नवशिक्याने चुकून रस गिळला की काय होतं ते गावात सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

म्हणून थुंकणं ही सावधगिरी नाही. तोंडात धरणं हीच निकोटिन घेण्याची जास्त चांगली पद्धत आहे. आपल्या लोकांनी पीकेए न शिकता शोधून काढलेली.

सिन्नरकर
काका भारीच. मी वीस वर्षं विडी ओढली, दीड वर्षापूर्वी सोडली. माझी आई घरी विड्या वळायची. सूप मांडीवर, टेंभुर्णीची पानं ओली करून कापलेली, आणि दिवसाचा हिशोब हजारात. तिने आयुष्यात कधी विडी ओढली नाही, पण हंगामात डोकं जड, गरगरणं, जेवण नको, हे कायम. तेव्हा आम्ही म्हणायचो उपाशीपोटी बसते म्हणून. आता वाचून शंका येते. हातातूनही जातं का हे?

दुसरा प्रश्न. विडीची तलफ ओढल्या ओढल्या भागायची. तंबाखूवाले मित्र म्हणायचे आमची हळूहळू चढते आणि टिकते. हा फरक कशामुळे? माझ्याकडे चुना तर नव्हता.

भूलवाला
माझं रोजचं काम लोकांना झोपवायचं आणि वेळेवर उठवायचं, त्यामुळे औषध किती वेगाने मेंदूत शिरतं आणि किती वेळाने निघतं याचाच विचार चालू असतो. थोडं लिहितो.

सिन्नरकर, आधी आईंबद्दल. हो, कातडीतून जातं. विडी कामगारांच्या लघवीत कोटिनिन, म्हणजे निकोटिनचा मोडलेला भाग, वाढलेलं सापडलेलं आहे, न ओढणाऱ्या बायकांमध्येसुद्धा. हातावरून जातं, आणि तंबाखूची धूळ श्वासातूनही. तंबाखूच्या शेतात पहाटे दवाने भिजलेली पानं तोडणाऱ्यांना उलट्या, चक्कर, घाम, असा वेगळा आजारच होतो. ओल्या पानातून निकोटिन पाण्यात उतरतं आणि भिजलेल्या कपड्यातून कातडीत. आईंचं डोकं जड होण्याला उपास हे एकमेव कारण नसावं.

आता विडी. छातीतल्या वायुकोशांचं क्षेत्रफळ साठ-सत्तर चौरस मीटरच्या घरात, भिंत कागदाहून पातळ, आणि तिथे द्रवाचा सामू ७.४. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर शंभरात वीस मोकळे रेणूसुद्धा भरपूर होतात, कारण आत गेलेल्यांची जागा लगेच दुसरे घेतात. चुन्याची गरज पडत नाही. झुरका घेतल्यापासून १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूत. हाताच्या शिरेत सुई टोचून दिलं तरी याहून लवकर पोचणार नाही. प्रत्येक झुरक्याला एक लहानसा लोंढा.

तोंडातल्या तंबाखूत लोंढा नसतो, चढण असते. रक्तातली पातळी हळूहळू वाढत अर्ध्या तासाच्या सुमाराला शिखरावर जाते आणि थुंकल्यानंतरही बराच वेळ रेंगाळते, कारण अस्तरात मुरलेलं अजून झिरपत असतं. तुमचे मित्र बरोबर सांगत होते. दिवसभराची बेरीज केली तर नियमित तंबाखू खाणारा आणि नियमित सिगारेट ओढणारा यांच्या अंगात जाणारं निकोटिन साधारण सारखंच भरतं.

मेंदूत शिरायला रक्त आणि मेंदूमधली जी घट्ट विणलेली भिंत आहे, ती मोकळ्या निकोटिनला अडवत नाही. कारण तेच, लहान रेणू, मेदात विरघळणारा. रक्तातल्या प्रथिनांनाही तो फारसा चिकटत नाही, पाच टक्क्यांहून कमी. आत गेल्यावर तो ॲसिटिलकोलिन या आपल्याच निरोप्याच्या जागांवर बसतो. त्यातल्या अल्फा-४ बीटा-२ प्रकारच्या जागा महत्त्वाच्या. त्या उघडल्या की मध्यमेंदूतून डोपामिन सुटतं आणि "हे परत कर" असा शिक्का बसतो.

पण या जागा लगेच बधिर होतात. निकोटिन बसलेलं असूनही प्रतिसाद देत नाहीत. मेंदू मग जागा वाढवतो. रात्री सात-आठ तास बार नाही, त्या जागा पुन्हा जाग्या होतात, आणि सकाळी सगळ्या एकदम रिकाम्या. दिवसातला पहिला बार सगळ्यात जास्त लागतो तो यामुळे. आणि पहिल्या बारानंतरच पोट साफ होतं म्हणणारे, तेही खोटं बोलत नाहीत, आतड्याच्या मज्जातंतूंवरही हेच निरोपे काम करतात.

बाबांचं दोन तासांचं घड्याळ: निकोटिनचं अर्धायुष्य सुमारे दोन तास. दोन तासांनी निम्मं, चार तासांनी पाव. आठ बार म्हणजे ते फक्त पातळी सांभाळताहेत.

द्राक्षवाला
निफाडकडचा. अवांतर वाटेल, पण राहवलं नाही.

आमच्या आज्याच्या काळात वांग्यावर, कोबीवर मावा पडला की तंबाखूचा काढा मारायचे. पाल्याचा चुरा रात्रभर भिजवायचा, उकळायचा, गाळायचा आणि मारताना त्यात साबण घालायचा. मी विचारलं साबण कशाला, तर म्हणाला पानाला चिकटायला. एकदा आमचा एक माणूस गळक्या पंपाने पाठ भिजवून घेऊन दुपारपर्यंत फवारत होता. संध्याकाळी उलट्या, थरथर, घामाघूम. आज्याने अंगावरचे कपडे काढून त्याला विहिरीवर साबणाने घासून काढला, मग दवाखान्यात नेलं. उन्हाचं चढलं असं सगळे म्हणत होते. आज समजलं.

आता मिलीबगला आपण इमिडाक्लोप्रिड वापरतो, ते याच घराण्यातलं ना?

क्षार_आम्ल
अवांतर कसलं, वर्गात असतात तर पुढच्या बाकावर बसवलं असतं.

चिकटायला हे खरंच. शिवाय साबण अल्कधर्मी. काढ्यातलं बांधलेलं निकोटिन तो मोकळं करतो आणि किडीच्या अंगात ते चटकन शिरतं. म्हणजे तुमच्या आज्याचा साबण आणि गोदाकाठचीच्या बाबांचा चुना एकाच जातीचे. कपडे काढून धुतलं हे उत्तम केलं, नुसते ओले कपडे अंगावर ठेवले असते तर शोषण चालूच राहिलं असतं.

इमिडाक्लोप्रिड हे निओनिकोटिनॉइड, नावातच नवं निकोटिन आहे. ते किडीच्या मज्जातंतूंतल्या जागांवर घट्ट बसतं, आपल्या जागांवर तेवढं नाही. जुन्या काढ्याला हा भेद नव्हता, म्हणून तो मागे पडला. मधमाशांचा विषय इथे काढत नाही, धागा वाहून जाईल.

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार. बाबांना मोबाईलवर वाचून दाखवलं. द्राक्षवाल्या दादांचा किस्सा त्यांना सगळ्यात पटला, कारण लहानपणी त्यांनीही काढा मारलाय.

पण आता नवीनच. "दोन तासांत निम्मं" ऐकल्यावर त्यांनी हिशोब मांडला. म्हणे एका दिवसात सगळं साफ, मग चार आठवडे कशाला? ऑपरेशनच्या पाच दिवस आधी बंद करतो. वर शेजारच्या काकांनी सांगितलं की आदल्या दिवशी भरपूर लिंबूपाणी प्यायलं की तपासणीत काही येत नाही. तपासणी करतात का खरंच?

भूलवाला
काही सर्जन करतात. पण ती निकोटिनची नसते, कोटिनिनची.

निकोटिन यकृतात जातं. तिथे सीवायपी २ए६ नावाचं एक विकर (एन्झाइम) त्यातल्या ७० ते ८० टक्क्यांचं कोटिनिन बनवतं. कोटिनिन नशा देत नाही, पण निघायला आळशी, अर्धायुष्य १६ तासांच्या आसपास. त्याचं पुढे आणखी एक रूप बनतं आणि लघवीतून बाहेर पडतं. मूळ निकोटिन न मोडता लघवीत येतं ते अवघं ५-१० टक्के. हे विकर सगळ्यांत सारखं नसतं. काहींचं जन्मतः मंद. त्यांना कमी तंबाखूत भागतं, कारण घेतलेलं लवकर मोडत नाही. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जलद, गरोदरपणात आणखी जलद.

१६ तासांचं गणित बाबांनीच करावं. पाच वेळा निम्मं व्हायला ८० तास. म्हणजे बंद केल्यावर तीन-चार दिवसांनी बहुतेकांचं कोटिनिन न खाणाऱ्याच्या जवळपास येतं, भरपूर खाणाऱ्याला आठवडा धरा. तेव्हा त्यांचा पाच दिवसांचा डाव तपासणीपुरता कदाचित जमेलही.

पण चार आठवडे तपासणीसाठी मागितलेले नाहीत. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं, आणि गुडघ्यावरची जखम भरायला तिथलं रक्त लागतं. सिगारेटवाल्यांनी ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी सोडली तर जखमेचे आणि छातीचे त्रास कमी होतात, हे चांगलं पाहिलं गेलंय. तंबाखूत धुराचा कार्बन मोनॉक्साइड नाही, छाती वाचते, मान्य. आकसणाऱ्या वाहिन्या मात्र त्याच. दुसरं कारण माझ्या स्वार्थाचं. पाच दिवस आधी सोडली तर ऑपरेशन टेबलावर माझ्यासमोर येतो तो तलफेने पिसाळलेला, रात्र-रात्र न झोपलेला माणूस. तलफेचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि ओसरायला तीन-चार आठवडे लागतात. मेंदूने वाढवलेल्या त्या जागा पूर्ववत व्हायलाही काही आठवडे जातात. नवा गुडघा घेऊन दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालायचं असतं, तेव्हा ही लढाई संपलेली असावी.

क्षार_आम्ल
लिंबूपाण्याचं मी सांगतो. कल्पना चुकीची आहे, पण बिनडोक नाही. लघवी आम्लधर्मी असेल तर निकोटिन भारित होऊन मूत्रनलिकेत अडकतं, परत रक्तात शोषलं जात नाही आणि जास्त बाहेर पडतं. हे खरं आहे. गंमत अशी की लिंबू जिभेला आंबट असलं तरी त्यातलं सायट्रेट शरीरात जळून बायकार्बोनेट बनतं आणि लघवी उलट अल्क होते. शेजारच्या काकांचा उपाय बरोबर विरुद्ध दिशेला जातो. आणि मूत्रपिंडाचा वाटा मुळात पाच-दहा टक्के, काम यकृताचं. उन्हाळा आहे, लिंबूपाणी प्यावं, तहान भागते.

तिरसट
मग तुमचं ते निकोटिनच सगळ्याचं मूळ म्हणायचं. ते वगळून तंबाखू काढा बाजारात, प्रश्न मिटला.

औषधवाली
उलट आहे दादा. निकोटिन ठेवतात, तंबाखू वगळतात. मेडिकल चालवते, रोज विकते.

तोंडाचा कॅन्सर प्रामुख्याने निकोटिनमुळे होत नाही. पान वाळवताना, मुरवताना त्यात नायट्रोसअमाइन नावाची द्रव्यं तयार होतात, मुख्य दोष त्यांचा. शिवाय चुन्याने अस्तर भाजतं, सुपारी असेल तर ती स्वतःच कॅन्सरकारक. निकोटिन माणसाला पुडीकडे परत आणतं आणि बाकीचे सोबती फुकट आत शिरतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू खाणारे निघाले आणि ओढणारे ३.८ टक्के. आपल्याकडे प्रश्न ओठातला आहे, तरी पोस्टर मात्र सिगारेटचीच लागतात.

गोदाकाठचीताई, निकोटिनचं गम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये येतं. लोक तक्रार करतात "काही होत नाही", कारण ते साध्या च्युइंग गमसारखं कचाकचा चावतात आणि लाळ गिळतात. मग ते गेलं जठरात, पुढचं वर काकांनी लिहिलंच आहे. पद्धत अशी: हळू चावायचं, जिभेला तिखट झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गालात दाबून ठेवायचं, बाराच्या जागीच. झिणझिण्या गेल्या की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं. असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, सरबत काही नाही. तोंड आंबट झालं की शोषण बंद.

आणि काका, तुम्हाला आवडेल असं एक: त्या गममध्ये सोडियम कार्बोनेट घातलेलं असतं. कंपनीचा चुना!

क्षार_आम्ल
हे मला माहीत नव्हतं. आजचा दिवस सार्थकी लागला.

गोदाकाठची
बाबांना वरची कवळी आहे.

औषधवाली
मग गम नको, कवळीला चिकटेल. पट्टी बघा. सकाळी दंडावर लावायची, कातडीतून दिवसभर सावकाश निकोटिन झिरपतं. लोंढा नाही, शिखर नाही, त्यामुळे मजाही नाही, पण चिडचिड आवरते. रोज जागा बदलायची. मात्र सर्जनना आधी सांगा. पट्टी असताना कोटिनिन तपासणी येणारच, कारण ती औषध आणि पुडी यांत फरक करत नाही. फरक करायचा झाला तर ॲनाबेसिन शोधतात, ते तंबाखूच्या पानात असतं, पट्टीत नसतं. पट्टी ऑपरेशनपर्यंत ठेवायची की आधी काढायची हे त्यांनाच ठरवू द्या. आणि १८००-११-२३५६ हा पुडीवर छापलेला सरकारी मोफत नंबर आहे, बाबांना स्वतः बोलू दे त्यावर. मुलीचं ऐकत नाहीत ते अनोळखी माणसाचं ऐकतात, काउंटरवरचा माझा अनुभव.

मालेगावची_सून
मिश्रीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे सासूबाई, आजेसासूबाई दोघी. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, दात घासायला म्हणून. पण घासतात दिवसातून पाच वेळा आणि अर्धा-अर्धा तास ओसरीवर बसून. त्यांना "तुम्ही तंबाखू खाता" म्हटलं की राग येतो. मला पहिल्या बाळंतपणानंतर दात शिवशिवतात म्हणून त्यांनीच लावायला दिली होती. दोन आठवडे लावली, सोडताना डोकं दुखलं. तेव्हा बाळ अंगावर पीत होतं. त्याच्या पोटात गेलं असेल का?

भूलवाला
ताई, गेलं असेल, थोडं. दूध रक्तापेक्षा किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे निकोटिन तिथे अडकतं आणि दुधातलं प्रमाण आईच्या रक्तापेक्षा जास्त भरतं, जवळपास तिप्पट. गरोदरपणी वारेतूनही पलीकडे जातं. पण तुम्ही दोन आठवड्यांत थांबवलं आणि निकोटिन काही तासांत दुधातून उतरतं, तेव्हा आता मागचं मनाला लावून घेऊ नका. पुढच्या सुनेला डबी मिळणार नाही एवढं बघा. भाजल्याने निकोटिन संपूर्ण जात नाही. डोकं दुखलं हीच त्याची पावती.

सिन्नरकर
माझा एक प्रश्न राहून गेला. विडी सोडल्यावर पहिल्या आठवड्यात झोप उडाली, छातीत धडधड. सगळे म्हणाले तलफ. पण मला वेगळंच वाटत होतं, चहा प्यायल्यावर जास्त व्हायचं. तेव्हा सात-आठ कप होते. कमी केल्यावर थांबलं. हा योगायोग का?

भूलवाला
योगायोग नाही, आणि हे फार थोडे लोक स्वतःहून ओळखतात.

धुरातली काजळीसारखी द्रव्यं, निकोटिन नव्हे, यकृतातलं सीवायपी १ए२ हे दुसरं एक विकर वाढवून ठेवतात. चहा-कॉफीतलं कॅफिन तेच मोडतं. ओढणाऱ्याच्या अंगातून कॅफिन न ओढणाऱ्याच्या जवळपास दुप्पट वेगाने जातं. विडी बंद झाली की काही दिवसांत ते विकर मूळ पातळीवर येतं. चहा सातच कप राहतो, पण अंगात राहतं चौदा कपांचं. धडधड, झोप नाही. माणूस समजतो ही तलफ आणि पुन्हा पेटवतो. विडी-सिगारेट सोडणाऱ्याने चहा पहिल्याच दिवशी निम्म्यावर आणावा. दम्यासाठी थिओफिलिनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं, तीही याच विकराने मोडते आणि तिची मात्रा जास्त होऊ शकते.

बाबांना हे लागू नाही. तंबाखूत धूर नाही, त्यांच्या चहाला हात लावू नका.

गोदाकाठची
अकरावा दिवस. उशिरा लिहितेय, मधे तीन दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. दुसऱ्या रात्री बाबा अडीचला उठून रामकुंडापर्यंत चालत गेले आणि परत आले. सर्जनशी बोलून पट्टी लावली आहे, ऑपरेशनच्या आधी कधी काढायची ते त्यांनी लिहून दिलंय. पुडी नाही. चुन्याची डबी मात्र शर्टाच्या खिशात तशीच आहे, काढू देत नाहीत. म्हणतात चुना नुसता आहे, त्याने काय होतंय.

"चहाला हात लावू नका" हे वाक्य त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. आईला आता दिवसाला सहा वेळा टाकावा लागतो.

सिन्नरकर दादा, बाबा विचारताहेत की तुम्ही संध्याकाळी सातच्या सुमाराला काय करायचात? सकाळ जाते म्हणे, सात वाजता राहवत नाही.

सिन्नरकर
मी त्या वेळेला भाजी आणायला जायचो. रोज. लागत नसली तरी. पण टपरी नसलेल्या रस्त्याने, हे महत्त्वाचं. पहिले दोन महिने आमच्याकडे इतका मुळा झाला की बायकोने शेवटी मला पाव किलोचा नियम घालून दिला.